रीळ कोणतं होतं?

जुन्या शिकारनोंदींमध्ये मासा किती पौंडांचा होता हे हमखास लिहिलेलं असतं. नदीचं नाव असतं, तारीख असते, कधी कधी पाण्याचा रंगसुद्धा असतो. पण तो मासा कोणत्या रिळाने ओढून काढला, त्या रिळावर दोरी किती मावत होती, गळाला लावलेलं आमिष किती जड होतं, हे लिहिणारे फार थोडे. मी एम.एस्सी. प्राणिशास्त्रात केली आणि आता पीएच.डी.साठी नदीतल्या मोठ्या माशांच्या जुन्या नोंदी वाचते. त्यामुळे मासा कळायला हवा हे ठीकच आहे. पण रीळ कळल्याशिवाय त्या नोंदी वाचता येत नाहीत, हे आज तुम्हाला दाखवायचं आहे.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट नाहीतर सेट-नेटच्या तयारीत आहात, काही जण प्रस्ताव लिहिताय. प्रस्तावात 'उपलब्ध जुन्या नोंदींचा वापर करून' असं एक वाक्य आपण सगळेच लिहितो. वाक्य सोपं आहे. त्या नोंदी ज्या यंत्राने तयार झाल्या त्या यंत्राची चौकशी मात्र कुणी करत नाही. म्हणून प्रश्न बाजारातला घेऊ: जड कृत्रिम आमिष फेकायचं आणि ओढायचं असेल, तर रीळ कसं निवडायचं? आणि त्याचं उत्तर इतिहासातून काढू, कारण या वस्तूचा प्रत्येक भाग कुठल्या ना कुठल्या वजनाने, कुठल्या ना कुठल्या माशाने घडवलेला आहे.

हा प्रश्न टोकाला गेला तो उत्तर अमेरिकेत. तिथल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांमध्ये मस्कलंज नावाचा शिकारी मासा असतो. लाडाने त्याला मस्की म्हणतात, शास्त्रीय नाव इसॉक्स मास्किनोंगी. लांबुळका, चपट्या तोंडाचा, दातांनी भरलेल्या जबड्याचा. तो इतकी हुलकावणी देतो की त्याला 'दहा हजार फेकींचा मासा' असं टोपणनाव पडलंय. त्याच्यासाठी वापरली जाणारी आमिषं आपल्या गळाच्या कल्पनेत बसतच नाहीत. ६०-७० ग्रॅमपासून सव्वादोनशे ग्रॅमपर्यंतची तर सर्रास, आणि काही रबरी आमिषं पूर्ण एका पौंडाची, म्हणजे साडेचारशे ग्रॅमची. अर्ध्या किलोला टेकलेलं वजन सकाळपासून संध्याकाळपर्यंत फेकायचं आणि तितक्याच वेळा पाण्यातून ओढून आणायचं. मासा लागणं दूरच, आधी आमिषच माणसाला दमवतं. हलक्या आमिषावर खपून जाणारा रिळाचा प्रत्येक दोष इथे उघडा पडतो. संशोधनातही असंच असतं. पद्धत कुठे मोडते ते बघायचं असेल तर टोकाचं उदाहरण घ्यावं.

रिळांची मुख्य घराणी दोन. ती समजायला अमेरिकेत जायची गरज नाही, सोलापूर पुरेसं आहे. यंत्रमागाच्या धोट्यात जी कांडी बसवलेली असते ती स्वतः फिरत नाही. सूत तिच्या टोकावरून, वेटोळं वेटोळं सुटत जातं. याउलट पतंगाची चक्री. मांजा सुटतो तेव्हा अख्खी चक्री गरगर फिरते. धोट्यातली कांडी म्हणजे स्थिर स्पूलचं रीळ, ज्याला आज दुकानात स्पिनिंग रीळ म्हणतात. चक्री म्हणजे फिरत्या स्पूलचं रीळ. त्याला गिअर जोडले की तो मल्टिप्लायर, आजच्या भाषेत बेटकास्टर.

दोन्हींचे गुणदोष या एका फरकातून निघतात. चक्रीवाल्याला माहीत असतं, पतंग अचानक थांबला आणि चक्री फिरतच राहिली तर मांजाचा गुंता होतो. रिळातही तेच. फेकलेलं आमिष हवेत मंदावतं, पण जडत्वामुळे स्पूल त्याच वेगाने फिरत राहतं, आणि नको तेवढी दोरी बाहेर येऊन घरटं तयार होतं. कांडीला हा त्रास नाही, कारण फिरणारं काही नाहीच. पण कांडीवरून सुटणाऱ्या दोरीला प्रत्येक वेटोळ्यामागे एक पीळ बसतो. शिवाय ओढताना दोरी काटकोनात वळवून स्पूलभोवती गुंडाळावी लागते, म्हणजे गिअरचीही दिशा बदलावी लागते. हलक्या ओझ्याला हे चालतं. जड ओझं आलं की वळणाच्या जागी घर्षण वाढतं, दांड्या वाकतात, दाते झिजतात.

आमच्याकडे वैरागच्या आसपास धरणाच्या काठावर पोरं प्लास्टिकच्या बाटलीला तंगूस गुंडाळून आणतात. गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा, थोडं शिसं, आणि बाटलीचं तोंड पाण्याकडे धरून हात फिरवून फेक. तंगूस बाटलीवरून सरसर सुटतो. भौतिकशास्त्राच्या नजरेने ही बाटली म्हणजे चोख स्थिर स्पूल आहे, फक्त गिअर नाहीत. रोहू-चिलापीला एवढं पुरतं. सांगायचा मुद्दा असा, की बाटलीवर मिळालेल्या माशांची यादी केली तर तिच्यात बाटलीला पेलणारेच मासे येणार.

आता इतिहास. रिळाचं सर्वांत जुनं म्हणून नेहमी दाखवलं जाणारं चित्र चीनचं आहे. सुंग काळातला चित्रकार मा युआन याने ११९५ च्या सुमारास हिवाळी तळ्यावर एकटा होडीत बसलेला गळकरी रंगवला, त्याच्या काठीला एक छोटं चाक आहे. इंग्रजी पुस्तकांत अशा यंत्राचा उल्लेख थॉमस बार्करच्या १६५१ च्या पुस्तकात येतो. मधली पाचशे वर्षं आपण पटकन ओलांडू, कारण त्या काळात रीळ म्हणजे दोरी साठवायची जागा, याहून फार काही नव्हतं. मासा हाताने आणि काठीच्या लवचीकपणाने दमवला जायचा.

खरी गंमत सुरू होते ती रिळाला फेकीचं काम द्यायचं ठरलं तेव्हा. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम या लेस विणण्याच्या गावात लाकडी, मोठ्या व्यासाचं, सहज फिरणारं रीळ रूढ झालं. लेसच्या कारखान्यातल्या बॉबिनांवरून ते सुचलं असं सांगतात. हँडलचा एक फेरा म्हणजे स्पूलचा एक फेरा, मध्ये गिअर नाहीत. ब्रिटनमध्ये गिअरवाली रिळं अठराव्या शतकातच विकायला आली होती, पण ती बदनाम झाली. पितळी दाते बारीक, आधार कमकुवत, मोठा मासा लागला की गिअर दगा देणार. त्यामुळे सॅमन धरणारा इंग्रज बिनगिअरच्या रिळावर ठाम राहिला.

तेच गिअर अमेरिकेत केंटकी राज्यात यशस्वी झाले, आणि ते करणारा माणूस घड्याळजी होता, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. पॅरिस नावाच्या गावातला जॉर्ज स्नायडर. १८१० ते १८२० च्या दरम्यान त्याने स्वतःच्या हौसेसाठी मल्टिप्लायर बनवला. घड्याळजीकडे दोन गोष्टी होत्या: बारीक दाते अचूक कापायची हत्यारं आणि दांड्याची दोन्ही टोकं नीट आधारावर बसवायची सवय. केंटकीच्या रिळांत हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे साधारण चार फेरे होत. तिथला मासा बास, आमिष जिवंत छोटी मासोळी, वजन काही ग्रॅम. म्हणजे हे रीळ चपळाईसाठी होतं, ओझ्यासाठी नव्हे. कल्पना तीच, पण यशासाठी इंग्लंडमध्ये न मिळालेला कारागीर आणि हलका मासा लागला.

पुढे १८८४ मध्ये स्कॉटलंडच्या पर्थ गावच्या पीटर मॅलॉकने एक मजेशीर तडजोड काढली. फेकताना स्पूल काटकोनात वळवायचं, म्हणजे कांडीसारखी दोरी टोकावरून सुटेल. ओढताना परत सरळ करायचं, म्हणजे चक्रीसारखी गुंडाळेल. दोन्ही घराण्यांचा फायदा. तोटा असा की सुटताना बसलेला पीळ गुंडाळताना निघत नाही, कारण सुटण्याची आणि गुंडाळण्याची रीत वेगळी. हार्डी कंपनीने १८९६ मध्ये सायलेक्स आणलं. त्यात स्पूल फिरतंच राहिलं, पण त्याला बोटाने आवरायची सोय झाली. मग १९०५ मध्ये ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थने पूर्ण स्थिर स्पूलचं पेटंट घेतलं. हा माणूस कापडधंद्यातला, गिरणीवाला. गिरणीतल्या चात्यांवरून आणि कांड्यांवरून त्याला ही युक्ती सुचली, अशी गोष्ट सांगितली जाते. सोलापुरात जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, म्हणजे टोकावरून सुटणारं सूत आपल्याकडेही तेव्हापासून हजारो कामगार रोज बघत होते. नदीत गळ टाकायची हौस आणि पेटंट कार्यालयाचा रस्ता, दोन्ही ज्याच्याजवळ होतं त्याचं नाव राहिलं.

इलिंगवर्थच्या रिळाने अगदी हलकी आमिषं लांब फेकता येऊ लागली. जड ओझ्याच्या बाजूने मोठी उडी समुद्रावर झाली. तोवरच्या रिळात मासा पळाला की हँडल उलटं गरगर फिरायचं आणि बोटांची सालं काढायचं. दोरीला अडवायला कातड्याची एक पट्टी असे, ती अंगठ्याने स्पूलवर दाबायची. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तलवारमाशाच्या मागे लागलेल्या विल्यम बोशेनने रिळाच्या आतच घर्षणाच्या चकत्या बसवायची कल्पना मांडली, ज्युलियस व्हॉम होफ या कारागिराने ती घडवली, आणि १९१३ मध्ये अशा रिळावर तलवारमासा निघाला. आता मासा दोरी ओढून नेतो तेव्हा हँडल स्थिर राहतं, चकत्या घसरतात. यालाच आपण ड्रॅग म्हणतो. हा ड्रॅग समजून घ्या, पुढे नोंदी वाचताना लागणार आहे.

विसाव्या शतकात या सगळ्या कल्पना एका डबीत आल्या. स्वीडनच्या स्वॅंग्स्टा गावात १९२१ मध्ये सुरू झालेली आबू कंपनी आधी खिशातली घड्याळं आणि टॅक्सीचे मीटर बनवत होती. १९५० च्या दशकात तिने अँबॅसेडर नावाचं रीळ आणलं. पुन्हा घड्याळजी, बघा. आणि त्याच १९२१ साली जपानच्या साकाई शहरात शोझाबुरो शिमानो याने सायकलच्या फ्रीव्हीलचा कारखाना काढला. त्या कंपनीने १९७० मध्ये मासेमारीचा विभाग सुरू केला. मस्कीच्या मागे लागलेल्या अमेरिकी लोकांच्या एका पिढीचं आवडतं रीळ होतं याच कंपनीचं, आणि त्याचं नाव कलकत्ता ४००. हुगळीचा आणि मस्कीचा काही संबंध नाही, तरी विस्कॉन्सिनच्या तळ्यावर कुणी 'माझा कलकत्ता' म्हणत असेल याची मला मजा वाटते.

आता निवडीचं गणित. सायकलवर चढ आला की आपण हलका गिअर घेतो. वेग जातो, पण पाय चालतात. रिळात नेमकं तेच. समजा दोरी भरलेल्या स्पूलचा व्यास ४ सेंटिमीटर आहे. त्याचा परीघ साधारण साडेबारा सेंटिमीटर. शिमानोचंच ट्रँक्स ५०० घ्या, ते दोन प्रकारांत मिळतं: एकाचा गिअर रेशो ६.६, दुसऱ्याचा ४.६. आपल्या कल्पित स्पूलवर पहिला रेशो हँडलच्या एका फेऱ्याला सुमारे ८३ सेंटिमीटर दोरी आत घेईल, दुसरा सुमारे ५८. दुकानदार पहिल्याला 'फास्ट' म्हणून विकेल. पण मोठ्या पात्यांचं आमिष पाण्यातून येताना एक किलो वजनाएवढी ओढ देत असेल, म्हणजे साधारण १० न्यूटन, तर हँडलवर किती जोर लागेल? ओढ गुणिले स्पूलची त्रिज्या गुणिले गिअर रेशो, भागिले हँडलची लांबी. हँडल ५ सेंटिमीटरचं धरलं तर ६.६ वर २६ न्यूटन, ४.६ वर १८. घर्षण अजून धरलंच नाही. हँडल ७ सेंटिमीटरचं केलं तर ६.६ वरही १९ पर्यंत उतरतं. मस्कीवाले रिळाला लांब हँडल आणि मोठी मूठ लावतात ती हौस म्हणून नाही.

म्हणून 'कोणतं रीळ चांगलं' या प्रश्नाला उत्तर नाही. 'कोणती ओढ, दिवसातून किती वेळा' याला आहे. पाण्याला जोरात अडणारी पाती असलेलं आमिष असेल तर कमी रेशो. झटके देऊन सोडायचं, मध्ये ढिली पडलेली दोरी पटकन गोळा करायची असं आमिष असेल तर जास्त रेशो, कारण तिथे ओढ कमी आणि वेळेची किंमत जास्त. फेकीसाठी मात्र जड आमिष आश्चर्यकारकरीत्या सोपं. हलकं आमिष स्पूलला फिरवायलाच कमी पडतं, जड आमिष त्याला सहज फिरवतं. फक्त ते पाण्यावर आपटायच्या क्षणी अंगठा स्पूलवर हवा. धोका वेगळाच आहे. फेकीच्या मध्येच स्पूल अडलं, तर पाव किलोचं आमिष दोरी तोडून जातं, आणि ते परत येत नाही. त्यामुळे जाड वेणीची दोरी, ८० पौंड ताण सोसणारी, आणि ती किमान शंभर मीटर मावेल असं रुंद स्पूल. स्थिर स्पूलची मोठी रिळंही हे वजन फेकतात, पण फेकताना दोरी बोटावर धरावी लागते, आणि त्या वजनाने पातळ वेणी बोट कापते. इथे चक्रीच जिंकते.

ड्रॅगबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. चकत्यांचं घर्षण स्पूलवर एक ठरावीक पीळबळ देतं. दोरी बाहेर जाईल तसा भरलेल्या स्पूलचा व्यास कमी होतो. पीळबळ तेच, त्रिज्या अर्धी, म्हणजे दोरीवरचा ताण दुप्पट. मासा जितका लांब पळेल तितकी दोरी तुटायची शक्यता वाढते, आणि तीही तुम्ही काहीच न बदलता. लहान स्पूलवर हे लवकर घडतं. तळ्यातला मस्की फार लांब पळत नाही, त्याला हे क्वचित नडतं. वाहत्या नदीतला मासा मात्र पळतो.

आणि इथे आपण आपल्या नद्यांवर येतो, कारण भारतात जड आमिष आणि मोठं रीळ यांची गाठ पडली ती महसीरमुळे. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधला हेन्री सलिव्हन थॉमस दक्षिण कॅनरात कलेक्टर होता. त्याने १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक काढलं आणि महसीर हा सॅमनच्या तोडीचा, किंबहुना जास्त ताकदीचा मासा आहे असं साहेबांच्या डोक्यात बसवलं. त्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षं या माशाच्या नोंदी होत राहिल्या. मेजर रिव्हेट-कार्नॅकने २८ डिसेंबर १९१९ ला कावेरीत ११९ पौंडांचा महसीर काढला. म्हैसूरच्या प्रसिद्ध टॅक्सिडर्मी घराण्यातल्या जे. डी वेट व्हॅन इंगेनने १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंहून थोडा जास्त. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९४८ मध्ये ए. सेंट जे. मॅकडोनल्डचं महसीर धरण्यावरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. म्हणजे नोंदींचा साठा भरपूर आहे. आता तो वाचायचा कसा?

समजा एका नदीत अर्ध्या किलोपासून पन्नास किलोपर्यंतचे महसीर आहेत. १८८० चा शिकारी बिनगिअरचं रीळ आणि हलका चमचा वापरतो. चमचा म्हणजे चकाकणारं धातूचं आमिष. त्याला लहान मासे भरपूर लागतील, आणि सगळ्यात मोठे लागूनही निसटतील, कारण त्याच्या स्पूलवरची दोरी संपेल किंवा तुटेल. त्याच्या वहीत मोठ्या माशांची बाजू छाटलेली आहे. १९६० चा शिकारी दणकट मल्टिप्लायर आणि नायलॉनची दोरी घेऊन येतो, मोठं आमिष फेकतो. लहान माशाच्या तोंडात ते मावतच नाही. त्याच्या वहीत लहान माशांची बाजू छाटलेली. आता तुम्ही दोन्ही वह्यांची सरासरी काढून आलेख मांडला, तर ऐंशी वर्षांत नदीतले मासे मोठे झाले असं दिसेल. नदीत काहीच बदललं नसेल. मोठे मासे खरोखर कमी झाले असतील, तरीसुद्धा आलेख वरच जाऊ शकतो. रिळाने नदीचा ऱ्हास झाकला, असं होऊ शकतं. मत्स्यविज्ञानात याला साधनाची निवडक्षमता म्हणतात. जाळ्याच्या बाबतीत ती सगळे तपासतात, कारण जाळ्याच्या आसाचं माप दिसतं. गळाच्या बाबतीत मात्र 'एक माणूस, एक काठी, एक तास' असं एकक धरून पुढे जातात, जणू १८८० चा तास आणि १९६० चा तास सारखाच.

नोंदी तरीही टाकाऊ नाहीत, हे दाखवणारं एक सुंदर काम आहे. कावेरीवर गालिबोर इथे मासेमारीचा तळ होता. येणारे लोक मासा धरत, वजन करत, वहीत लिहीत आणि सोडून देत. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या वह्या एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी तपासल्या. सहा हजारांहून जास्त महसीरांची नोंद. त्यांना दिसलं की तासाला मिळणाऱ्या माशांची संख्या वाढत होती आणि सरासरी वजन घटत होतं. नुसती संख्या बघणारा खूश झाला असता. पण वहीत माशाचा रंगही लिहिलेला होता, म्हणून पुढची गोष्ट उलगडली: वाढत होता तो निळसर परांचा महसीर, आणि नाहीसा होत होता तो कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर, तोच जो शंभर पौंडांपलीकडे जायचा. त्या कुबड्या माशाची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी म्हणून २०१८ मध्ये पक्की झाली, आणि तो आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

मग निळसर परांचा मासा आला कुठून? आपल्याकडून. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या वीजकंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास सुरू केली आणि तिथलं बीज इतर राज्यांना दिलं. हेतू चांगला होता, मासा वाचवायचा. त्या माशाचं नाव टॉर खुद्री. आणि या नावाची जन्मकथा भीमेच्या खोऱ्यातली आहे. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करणाऱ्या कर्नल विल्यम हेन्री साइक्सने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशाचं वर्णन १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवरच्या निबंधात केलं, आणि इथल्या लोकांच्या तोंडचंच नाव त्याला दिलं. मुळा-मुठा भीमेला मिळते. बार्शी तालुक्यातली भोगावती सीनेला आणि सीना भीमेला मिळते. म्हणजे वैरागकर ज्या खोऱ्याचं पाणी पितात त्या खोऱ्यातला मासा कावेरीत जाऊन तिथल्या राक्षसाची जागा घेऊन बसला. हे कळलं ते एका रंगाच्या रकान्यामुळे.

गालिबोरच्या अभ्यासातली जमेची बाजू अशी की काळ फक्त पंधरा वर्षांचा होता आणि जागा एकच. तिथे आमिष म्हणजे बहुधा नाचणीच्या पिठाचा मळलेला गोळा आणि सोबत शिसं. गोल टोपलीसारख्या नावेत बसून माशाच्या मागे जायची सोय असायची, त्यामुळे रिळावर दोरी कमी पडली तरी मासा निसटेलच असं नाही. पंधरा वर्षांत साधनांत होणारा बदल शंभर वर्षांतल्या बदलापुढे किरकोळ. पण कुणी थॉमसच्या १८७३ पासून गालिबोरच्या २०१२ पर्यंत एकच रेष ओढायला गेला, तर त्याला वाटेत इलिंगवर्थ, बोशेन, नायलॉन आणि आबू सगळे भेटतील, आणि प्रत्येक जण रेषेला थोडा धक्का देईल.

म्हणून मी नोंदींच्या तक्त्यात वजनाशेजारी आणखी चार रकाने ठेवलेत: स्पूल फिरतं की स्थिर, गिअर आहेत की नाहीत, दोरी कशाची आणि किती, आमिषाचं वजन. बहुतेक ओळींत ते रिकामे आहेत. रिकामा रकाना अंदाजाने भरत नाही. पण वर्षावरून एक वरची मर्यादा घालता येते. १९०५ आधीच्या नोंदीत इलिंगवर्थचं रीळ असू शकत नाही. १९१३ आधी आतल्या चकत्यांचा ड्रॅग धरता येत नाही. १९३८ आधी नायलॉन नाही, कारण ड्यूपाँने ते बाजारात आणलं त्याच वर्षी. उलट दिशेने मात्र काही सिद्ध होत नाही: १९४६ चा माणूस आजोबांचं लाकडी रीळ घेऊनही बसलेला असू शकतो. व्हॅन इंगेनच्या १२० पौंडी माशाशेजारी मी वर्षावरून रीळ लिहीत नाही, ते यासाठीच.

तुमचा विषय मासे नसेल. पावसाच्या नोंदी असतील, तापमापकाच्या असतील, जुन्या दवाखान्यातल्या रक्तदाबाच्या असतील. तिथेही हेच रकाने निघतात, फक्त रिळाच्या जागी दुसरं यंत्र. मार्गदर्शकांना प्रस्ताव दाखवायच्या आधी त्या यंत्राचं विक्रीपत्रक कुठे मिळतं का ते शोधा. हार्डीसारख्या कंपन्या दरवर्षी सचित्र यादी छापायच्या. कोणत्या वर्षी कोणतं रीळ, किती इंच, किती वार दोरी मावते, किंमत किती, सगळं त्यात असतं. शोधनिबंधांपेक्षा या याद्या वाचायला जास्त मजा येते, हे माझं खासगी मत.

आणि कुणाच्या घरी आजोबांची किंवा पणजोबांची मासेमारीची वही असेल, पवईच्या तळ्यावर गळ टाकणारं कुणी घराण्यात होऊन गेलं असेल, तर ती वही रद्दीत घालू नका. उघडाल तेव्हा पहिल्या पानावरच्या मोठ्या माशाकडे नंतर बघा. आधी शेवटची पानं चाळा. हिशेब तिथे असतो: दोरी इतक्याची, गळ इतक्याचे, रिळाची दुरुस्ती इतक्याची.